धागा: फ्लाइट इंजिनिअर म्हणजे नक्की कोण? (वायुदलातून बाहेर पडतोय, बडोद्यातच राहायचंय)

मधली_सीट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वायुदलात २० वर्षं पूर्ण होत आहेत, पाच महिन्यांनी बाहेर. जेडब्ल्यूओ, म्हणजे ज्युनिअर वॉरंट ऑफिसर. पहिली आठ वर्षं इंजिन फिटर होतो. मग एअरक्रूची निवड झाली आणि पुढची बारा वर्षं एएन-३२ या मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर. लॉगबुकात ३,४०० तास. घर मांजलपूरला, आई सोबत आहे, मुलगी नववीत. त्यामुळे दिल्ली-बंगळूर नको. वय ३९, म्हणजे घरी बसायचं वय नाही.

गेल्या आठवड्यात शहराबाहेरच्या एका केमिकल कंपनीत मुलाखतीला गेलो. नाव लिहीत नाही. समोर पंचविशीचा मुलगा होता. सीव्ही उघडला आणि म्हणाला, "अच्छा, इंजिनिअर. बीई कुठून?" म्हटलं, बीई नाही, फ्लाइट इंजिनिअर हा ट्रेड आहे, विमानात बसून उडतो आम्ही. तो म्हणाला, "म्हणजे मेकॅनिक." म्हटलं, मेकॅनिक आधी होतो, मग... तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन झाल्यावर पुढचा प्रश्न आला, "पेन्शन असेल ना? मग पगाराचं फारसं काही नसेल तुम्हाला." अकरा मिनिटांत बाहेर. स्कूटर काढायला त्याहून जास्त वेळ लागला.

चूक त्याची म्हणावी तर त्याला कोण सांगणार? आणि माझी म्हणावी तर सीव्ही चार पानांचा आहे, त्यात सगळं आहे. मग सांगायचं राहिलं कुठे?

---

कमाटीबागेतला_वाघ

चार पानं? साहेब, एचआरवाले चार ओळींनंतर सेव उसळ खायला जातात.

---

चार_पट्टे

वाघोबा, गंमत पुरे.

जेडब्ल्यूओ साहेब, जय हिंद. मी वैमानिक. एएन-३२ वरच होतो, आता विमान कंपनीत ए३२० उडवतो. माझा रस्ता तुमच्या कामाचा नाही, पण हा धागा उद्या एखादा तरुण वैमानिकही वाचेल, म्हणून लिहून ठेवतो.

लोकांना वाटतं फौजी वैमानिक गणवेश बदलतो आणि विमान कंपनीत जाऊन बसतो. तसं काही नसतं. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, नजरेत तुम्ही नवखे. आधी परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर काढा, मग पेपर द्या. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स. वायुदलाच्या माणसाला काही सवलती मिळतात, पण रेग्युलेशन्सचा पेपर कुणाला सुटत नाही. सुटूही नये, कारण नागरी हवाई नियम आम्ही कधी मन लावून वाचलेलेच नसतात. वर रेडिओवर बोलण्याचं आरटीआर लायसन्स आणि क्लास वन मेडिकल. सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला २०० तास लागतात आणि त्यावरच्या एटीपीएलला १,५००. तासांची ददात कुणालाच नसते. अडतं ते कागदावर. लॉगबुकातला प्रत्येक तास दिवसाचा की रात्रीचा, कमांडचा की को-पायलटचा, हे वेगळं काढून सही-शिक्क्यानिशी आणावं लागतं. नोकरीत असतानाच करून घ्या. एकदा युनिट सुटलं की सहीसाठी हिंडणं म्हणजे काय ते मला विचारा. तीन महिने गेले.

मग टाइप रेटिंग, म्हणजे त्या त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण. खर्च लाखांत, तोही बहुतेक वेळा स्वतःचा. आणि पहिल्या दिवशी मी उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर, डाव्या सीटवर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान कॅप्टन. पोरगी हुशार होती. पहिल्याच सिम्युलेटर सत्रात मी एक कॉलआउट, म्हणजे मोठ्याने द्यायची ठरलेली सूचना, माझ्या सवयीच्या शब्दांत दिला. अर्थ तोच होता. तिने सिम थांबवायला लावलं आणि म्हणाली, "सर, पुस्तकातला शब्द." राग आला होता. आज मीही तेच करतो.

विमान कंपनीत ६५ पर्यंत उडता येतं, म्हणून पन्नाशीतले लोकही हा खटाटोप करतात.

---

मधली_सीट

जय हिंद सर. वाचून बरं वाटलं, पण आमची गोष्ट वेगळी आहे. तुमची खुर्ची बाहेरही असते. आमची कुठेच नाही.

एएन-३२ मध्ये दोन वैमानिकांच्या मध्ये, जरा मागे बसतो आम्ही. दोन्ही एआय-२० इंजिनांचं टॉर्क, तेलाचा दाब, तापमान, इंधन यांवर आमची नजर. नागरी विमानांत ही खुर्ची केव्हाच काढून टाकली. बोइंग ७४७ च्या जुन्या विमानांत तिसरा माणूस होता. १९८९ मध्ये ७४७-४०० आलं, तेही दोघांचं. तिसऱ्याचं काम संगणकाकडे गेलं. आता आपल्याकडेही तेच. आपल्या बडोद्याच्या तळावर सी-२९५ ही नवी मालवाहू विमानं आली, त्यात दोन वैमानिक आणि मागे माल सांभाळणारा लोडमास्टर. नेव्हिगेटर नाही, फ्लाइट इंजिनिअर नाही. सी-१३०जे आणि सी-१७ मध्येही नाही.

पहिलं सी-२९५ हँगरसमोर उभं होतं तेव्हा आम्ही दोघं-तिघं आत बघायला गेलो होतो. कॉकपिटमध्ये वाकलो आणि सवयीने मधली सीट शोधली. तिथे नुसती जाळीची पिशवी लटकत होती, कुणाची तरी पाण्याची बाटली ठेवलेली. कुणी काही बोललं नाही.

---

स्पॅनर

बाटली 😔

मी विमान देखभालीत आहे, एएमई म्हणजे देखभाल इंजिनिअरच्या लायसन्सवाला. दादा, तुमच्याकडे इंजिन फिटरची आठ वर्षं आहेत, ती का लपवताय? डीजीसीएच्या सीएआर-६६ या नियमाखाली देखभालीचं बी-वन लायसन्स असतं. मॉड्यूल, म्हणजे विषयवार पेपर, द्यावी लागतात. सैन्यातला देखभालीचा अनुभव धरतात, पण वर नागरी विमानांवरचा थोडा अनुभव दाखवावा लागतो. वेळ जातो, पण तुमच्याकडे ३९ ते ६० आहे.

आणि सी-२९५ इथेच बनतंय. ५६ पैकी १६ स्पेनहून, बाकी ४० आपल्या इथल्या कारखान्यात. २८ ऑक्टोबर २०२४ ला उद्घाटन झालं तेव्हा अर्धं बडोदं रस्त्यावर आणि उरलेलं अर्धं वाहतुकीत अडकलेलं. लालबागच्या गतिशक्ती विश्वविद्यालयातही विमानाशी संबंधित अभ्यासक्रम आहेत. विमान ओळखणारा माणूस या गावाला लागणार आहे.

---

मधली_सीट

तिथे अर्ज टाकलाय. अजून काही कळलेलं नाही. नुसतं त्याच्यावर बसून चालणार नाही ना.

---

सडेतोड_१

रागावू नका, पण फौजी लोकांची अडचण अशी की त्यांना फक्त हुकूम द्यायची सवय असते. आमच्या सोसायटीत एक निवृत्त साहेब सेक्रेटरी झाले. आता लिफ्टमध्ये पण रांग लावून चढावं लागतं.

---

मधली_सीट

भाऊ, मी जेडब्ल्यूओ आहे. २० वर्षांपैकी १९ मी हुकूम ऐकलेत. उरलेलं एक वर्ष रजेवर होतो.

---

कमाटीबागेतला_वाघ

हाहा. सडेतोड आउट.

---

होकायंत्र

उशिरा येतोय. मी तुमच्या दोन फूट मागे बसणारा, म्हणजे नेव्हिगेटर. माझी जात तर तुमच्याही आधी संपली. जीपीएसने खाल्ली. बाहेर पडून नऊ वर्षं झाली. आता मी विमान कंपन्यांना आणि अलीकडे कारखान्यांनाही मानवी चुकांवर प्रशिक्षण देतो. त्यामुळे थोडं लांब लिहितोय, कंटाळा आला तर पुढे जा.

२७ मार्च १९७७. तेनेरिफचा विमानतळ, दाट धुकं. केएलएमचं ७४७ धावपट्टीवर, कॅप्टन कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक. पॅन ॲमचं दुसरं ७४७ त्याच धावपट्टीवरून हळूहळू समोरून येतंय. केएलएमने उड्डाणासाठी वेग घ्यायला सुरुवात केली होती. रेडिओवरचं बोलणं ऐकून कॉकपिटमधल्या तिघांपैकी एकाच्या मनात पाल चुकचुकली आणि त्याने विचारलं की तो पॅन ॲम अजून बाहेर गेलेला नाही का. कॅप्टन ठामपणे म्हणाला, गेला की. काही सेकंदांत ५८३ माणसं गेली. प्रश्न विचारणारा तिसरा माणूस होता फ्लाइट इंजिनिअर.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८, पोर्टलंड. युनायटेडचं डीसी-८. उतरण्याच्या चाकांबद्दल शंका, म्हणून कॅप्टन तासभर घिरट्या घालतोय. इंधन कमी होतंय हे फ्लाइट इंजिनिअरला दिसतंय. तो सांगतोही. पण सांगणं इतकं हळू, इतकं आदबीचं, की कॅप्टनच्या डोक्यात ते शिरतच नाही. चारही इंजिनं बंद पडून विमान शहराच्या वस्तीत उतरलं. १० जण गेले, त्यात तो फ्लाइट इंजिनिअरही.

या दोन अपघातांतून १९७९ मध्ये नासाची कार्यशाळा झाली आणि पुढे सीआरएम, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, नावाची शाखा उभी राहिली. आज जगातला प्रत्येक विमान कर्मचारी हे शिकतो. खालच्या माणसाने कसं बोलायचं आणि वरच्याने कसं ऐकायचं, एवढाच त्याचा गाभा.

आता तुम्ही सांगा दादा, तुमची खुर्ची गेली म्हणजे काम गेलं का? डायल बघायचं काम संगणकाने घेतलं. "थांबा, हे जुळत नाही" म्हणायचं काम कुणी घेतलंय? तुमच्या शहरात जेवढे प्रोसेस प्लांट आहेत तेवढ्या ठिकाणी ते काम रिकामं पडलंय.

पण हे सीव्हीत "उत्तम संवादकौशल्य" असं लिहू नका. ते सगळेच लिहितात.

---

फौजीण

होकायंत्र दादा, तेनेरिफचं वाचून काटा आला.

माझे मिस्टर शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्याच नोकरीवर होते, १४ वर्षांनी बाहेर. पेन्शन नाही. लोक गृहीत धरतात की फौजी म्हणजे पेन्शन आलंच. आम्हाला पुढच्या महिन्याचा घरचा हप्ता दिसत होता. एक सांगते, बाहेर पडल्यावर पहिले सहा महिने माणूस घरात सकाळी साडेचारला उठतो आणि बाकीच्यांना पण उठवतो. वहिनींना आधीच कल्पना देऊन ठेवा.

---

अनघा_कारेलीबाग

नमस्कार. मी एचआरमध्ये आहे, इथल्याच एका प्रोसेस कंपनीत. तो पंचविशीचा मुलगा आमच्याकडचा नाही, आधीच सांगते 🙂

दादा, जरा कडक बोलणार आहे. तुमचा सीव्ही चार पानांचा आहे यावरूनच कळतं की तुम्ही तो तुमच्या साहेबांसाठी लिहिलाय. त्यात कोर्सेसची नावं, पोस्टिंग, पदकं, तास आहेत ना? ३,४०० तास म्हणजे खूप की थोडं, हे मला माहीत नाही आणि माहीत असण्याचं कारणही नाही. "एएन-३२ वर ३,४०० तास" वाचताना माझ्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. मी रिॲक्टर बघते, शिफ्ट बघते. मला एवढंच कळायला हवं की रात्री तीनला काहीतरी बिघडलं तर हा माणूस काय करेल.

पेन्शनच्या प्रश्नाचं उत्तर पाठ करून ठेवा. "पेन्शन मागच्या कामाची आहे, पगार पुढच्या कामाचा." हसत म्हणा, पण म्हणा. आम्हाला हा प्रश्न विचारायला लाज वाटली पाहिजे, पण वाटत नाही.

आता इथेच एक ओळ लिहा. तुम्ही काय केलंत त्याची. बघू.

---

मधली_सीट

ताई, प्रयत्न करतो.

"१२ वर्षे विविध भौगोलिक व प्रतिकूल हवामान परिस्थितीत इंजिन व प्रणाली यांच्या निरीक्षणाची जबाबदारी समर्थपणे पार पाडली."

---

अनघा_कारेलीबाग

झोप आली.

---

कमाटीबागेतला_वाघ

"समर्थपणे" वाचून मी उठून उभा राहिलो. राष्ट्रगीत आहे असं वाटलं.

---

होकायंत्र

दादा, सीव्ही विसरा. एखादा प्रसंग सांगा. धाडसाचा नको. ज्या दिवशी तुम्ही काहीतरी थांबवलंत, तो.

---

मधली_सीट

बरं. एक आहे. यात थरार काही नाही, आधीच सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस, डोंगरातल्या एका उंच धावपट्टीवर सामान न्यायचं होतं. ठिकाण लिहीत नाही. उंचावर आणि उन्हात हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी पडते, म्हणून वजनाचा हिशोब किलोकिलोने करतात. एएन-३२ चं जास्तीत जास्त उड्डाणवजन २७ टन, पण अशा ठिकाणासाठी तेवढं घेऊन जाता येत नाही. लोडशीट आली. बॅरल इतकी, पोती इतकी, एकूण इतकं. सगळं मर्यादेत. सही झालेली.

मी विमानाभोवती शेवटची चक्कर मारत होतो. मुख्य चाकांच्या वर एक चकचकीत दांडा दिसतो, ओलिओ म्हणतात त्याला. स्कूटरच्या शॉकॲब्झॉर्बरसारखं समजा. विमानात वजन वाढलं की दांडा आत जातो आणि बाहेर दिसणारा भाग कमी होतो. रोज बघून बघून डोळ्यांत माप बसलेलं असतं. त्या दिवशी कागदावरच्या वजनाला जेवढा दिसायला हवा त्यापेक्षा दोन बोटं कमी दिसला. मी बोटं लावून बघितली. दुसऱ्या बाजूला गेलो. तिकडेही तेच.

ओलिओतला दाब कमी असेल, असं समजून सोडून देता आलं असतं. ऊन वाढत होतं, कॅप्टन घड्याळ बघत होते. उशीर झाला की तिकडे दुपारचा वारा सुटतो आणि सॉर्टी, म्हणजे ती फेरी, रद्द. मी जाऊन सांगितलं, "सर, वजन जुळत नाही." ते म्हणाले, लोडशीट आहे ना? म्हटलं, आहे, पण ओलिओ वेगळं सांगतोय. ते माझ्याकडे दोन सेकंद बघत राहिले आणि मग म्हणाले, "उतरवा."

सगळी बॅरल उतरवून काट्यावर घेतली. मागच्या वेळेपेक्षा मोठी बॅरल आली होती आणि शीटवर जुन्याच बॅरलचं वजन लिहिलं होतं. ६०० किलोंच्या आसपास फरक. पन्नास मिनिटं गेली, सॉर्टी दुसऱ्या दिवसावर. संध्याकाळी उशिराबद्दल मला चार शब्द ऐकावे लागले. बॅरलबद्दल कुणी काही बोललं नाही. कॅप्टन साहेबांनी मात्र मेसमधून चहा पाठवला.

एवढंच. हे सीव्हीत कसं लिहिणार?

---

चार_पट्टे

हे वाचून मी दोन मिनिटं फोन खाली ठेवला. उंच धावपट्टीवर ६०० किलो जास्त. काय झालं असतं ते इथे लिहायची गरज नाही. साहेब, तो चहा मी पाठवला असता तर मला अभिमान वाटला असता.

---

अनघा_कारेलीबाग

दादा, हे तुम्ही चार पानांत कुठेही लिहिलेलं नाही, हो ना?

मी लिहिते, बघा जमतंय का:

"उड्डाणाआधीच्या तपासणीत कागदावरचं वजन आणि विमानाची प्रत्यक्ष स्थिती यांत फरक आढळला. उड्डाण थांबवून फेरमोजणी करवली, सुमारे ६०० किलोंची चूक सापडली."

दोन वाक्यं. ठिकाण नाही, युनिट नाही, तारीख नाही, म्हणजे गोपनीयतेलाही धक्का नाही. आमच्याकडे बॅच शीटवर एक आणि टाकीत दुसरं, हे दर महिन्याला घडतं. कोणताही प्लांट हेड हे वाचेल आणि म्हणेल, याला आत बोलवा. असे चार प्रसंग काढा. इंजिनाचा एक, रात्रीचा एक, नव्या पोराला शिकवल्याचा एक. बाकीची साडेतीन पानं मुलीला रफ कामाला द्या.

---

स्पॅनर

अनघाताई __/\__

आणि दादा, एक गोष्ट डोक्यात आली. तुमचं एआय-२० इंजिन. सोव्हिएतांनी हेच इंजिन ट्रेलरवर चढवून फिरतं वीजकेंद्र केलं होतं, पीएईएस-२५००. म्हणजे तुम्ही बारा वर्षं ज्याच्याकडे टक लावून बसलात ते वीजकेंद्रातही चालतं. इकडेही तसंच आहे. एलएम२५०० नावाचं गॅस टर्बाइन जगभर जहाजांत आणि वीजनिर्मितीत आहे, ते मुळात विमानाच्या इंजिनातून आलंय. मोठ्या कारखान्यांची स्वतःची वीजकेंद्रं असतात, तिथे गॅस टर्बाइन. कॉम्प्रेसर धुणं, बोरोस्कोपने आत बघणं, तापमानाचा फरक, व्हायब्रेशन. तुम्हाला नवीन काय आहे त्यात? फक्त पंखा नाही. बॉयलरला हात लावायचा असेल तर त्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, तेवढं ध्यानात ठेवा.

---

मधली_सीट

खरंच हे कधी डोक्यात आलं नव्हतं. गॅस टर्बाइन शब्द वाचला की मला विमानच दिसतं.

---

दांडियाबाजारकर

पोरा, मी रिफायनरीतून निवृत्त झालेला माणूस. इथल्या जाहिराती वाचणं ही एक कला आहे, थोडं सांगतो.

सेफ्टी ऑफिसर असं लिहिलं असेल तर आधी एडीआयएस म्हणजे इंडस्ट्रियल सेफ्टीचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा मागतील. तो करायला पदवी किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा हातात लागतो. मोठ्या कारखान्याला कायद्याने सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागतो, म्हणून जागा निघतात. पण तू शिक्षण दाखवताना गडबडू नकोस. दहावी आणि १५ वर्षं सेवा असलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात. हे खासगी कंपनीला लागू नाही, तिथे उगाच वाद घालू नकोस. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत गट क मध्ये माजी सैनिकांना साडेचौदा टक्के राखीव असतात. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव. आजच. नंतर करू म्हणून सोडून देणारे मी खूप बघितलेत.

डीजीआरचा, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसनाच्या सरकारी खात्याचा, कोर्स घेतलास का? अधिकाऱ्यांना आयआयएममध्ये चोवीस आठवड्यांचे असतात, फीचा साठ टक्के भार सरकार उचलतं. तुमच्या रँकच्या लोकांना कोर्स मोफत. फक्त "मित्राने घेतला म्हणून मीही घेतला" असं करू नकोस. आमच्या शेजारच्याने सिक्युरिटी सुपरवायझरचा कोर्स केला आणि आता मॉलच्या दारात उभा असतो. माणूस रडार चालवायचा.

---

मधली_सीट

काका, सिक्युरिटीचाच फॉर्म भरून ठेवला होता. सगळ्यांनी तोच भरला म्हणून. उद्या बदलतो. इंडस्ट्रियल सेफ्टीचा मिळाला तर बघतो.

---

दांडियाबाजारकर

चालो. आणि मुलाखतीला टाय नको. बडोद्यात जूनमध्ये टाय घालणारा माणूस एकतर वकील असतो नाहीतर बँकेचा विमा विकणारा.

---

मधली_सीट

(एकोणीस दिवसांनी)

मंडळी, खबर द्यायची राहिली होती.

सीव्ही दीड पानाचा केला. वर अनघाताईंची दोन वाक्यं, खाली तीन प्रसंग. तास एका ओळीत, तळाशी. "फ्लाइट इंजिनिअर" च्या शेजारी लिहिलं, "उड्डाणात दोन टर्बाइन इंजिनांचं संचालन व निरीक्षण, त्याआधी आठ वर्षं इंजिन देखभाल."

एका मोठ्या प्लांटच्या वीजकेंद्रात बोलावलं. शिफ्ट ऑपरेशन्स. दोन तास बसलो. एचआरच्या मॅडमनी पेन्शनचं विचारलंच. मी ताईंचं वाक्य टाकलं. हसायचं विसरलो, त्यामुळे जरा जोरात झालं. त्याच हसल्या.

मग प्लांट हेड कंट्रोल रूममध्ये घेऊन गेले. मोठे पडदे, टर्बाइनचा आवाज भिंतीतून येत होता. मला तो आवाज ओळखीचा वाटला. एका पडद्यावर कोपऱ्यात पिवळी खूण लुकलुकत होती. शिफ्टवाल्या मुलाला विचारलं, हे काय? म्हणाला, "ते नेहमीच असतं साहेब." मी विचारलं, नेहमी म्हणजे कधीपासून? तो थांबला. बाजूच्या मुलाकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं. लुब ऑइलच्या फिल्टरच्या दाबाची खूण होती. प्लांट हेडनी खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

मला वाटलं, पहिल्याच दिवशी लोकांच्या घरात जाऊन धूळ दाखवली, गेलं हातचं. बाहेर येताना जीव खट्टू झाला होता.

काल मेल आला. सेवामुक्तीच्या पुढच्या महिन्यात रुजू. पगार मी मागितला होता त्यापेक्षा थोडा कमी. पण पेन्शन वजा केलेली नाही, ते मी वाचून, मोजून बघितलं. सहा महिने प्रोबेशन, आणि ट्रेनी ऑपरेटर असं पद आहे. ३९ व्या वर्षी ट्रेनी. मुलीने फ्रिजवर लिहून लावलंय, "बाबा ट्रेनी".

---

फौजीण

अभिनंदन दादा! पेढे कुठे?

---

चार_पट्टे

अभिनंदन साहेब. मीही उजव्या सीटवर ट्रेनीच होतो. पुस्तकातले शब्द पाठ करा.

---

होकायंत्र

ती पिवळी खूण कधीपासून होती ते कळलं का?

---

मधली_सीट

मॅडमनी फोनवर सांगितलं. अकरा दिवस. फिल्टर बदलला.

एक विचारायचं होतं. मेडिकल सोमवारी आहे. सेफ्टी शूज कंपनी देते की आपण न्यायचे? वायुदलाचे बूट चालतील का?

---

दांडियाबाजारकर

कंपनी देते. वायुदलाचे नको, त्यांच्या टोकाला स्टील नसतं. मोजे मात्र स्वतःचे जाड ने, पहिला आठवडा टाच सोलते.